एकशे चाळीस कॅसेटी आणि माझा चुकलेला हिशेब

२००६ साली पंचवटीतील जुने घर सोडून आम्ही इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा वडिलांच्या १४० कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. उतरवलेल्या सर्व फाइली सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपीथ्री होत्या. त्या वेळी हा निर्णय मला मोठ्या शहाणपणाचा वाटला होता.

सीडीच्या दर्जाचा ध्वनी साठवताना ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते आणि डाव्या व उजव्या बाजूसाठी ही नोंद वेगवेगळी होते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि एखादी कंपनसंख्या नीट नोंदवायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते, म्हणून हा आकडा. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला दहा एमबींहून थोडे अधिक भरतात. वेव्ह फाइल ही मापे जशीच्या तशी ठेवते. त्या हिशेबाने एका तासाची कॅसेट सुमारे ६३५ एमबी आणि १४० कॅसेटी जवळजवळ ८९ जीबी होत होत्या, तर माझी हार्ड डिस्क होती ४० जीबीची. एमपीथ्रीत तेच सारे ८ जीबीच्या आसपास मावले.

जागेची ही बचत कानाच्या एका मर्यादेवर उभी आहे. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. ते बोलणे हवेत असते, पण मोठा आवाज त्याला झाकून टाकतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेले हे तंत्र (‘एमपीथ्री’ हे नाव त्यांनी १९९५ मध्ये ठरवले) असे झाकले जाणारे अंश हेरते, ते अगदी ढोबळपणे नोंदवते किंवा वगळूनच टाकते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरले जाणारे बिट, जितका कमी, तितकी ही काटछाट निर्दय होत जाते. १२८ किलोबिटला तंबोऱ्याच्या जवारीतील (तारांच्या गुंजनातील) बारीक स्वर पाण्याखालून आल्यासारखे डळमळतात आणि तबल्याच्या कडक थापेच्या क्षणभर आधी एक फुसफुस ऐकू येऊ शकते, कारण थापेमुळे झालेली चूक फाइलीच्या त्या लहानशा तुकड्यात मागेपुढे पसरते.

फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकाराचा मार्ग निराळा आहे. चादरीची घडी घातली की ती कमी जागेत बसते आणि उलगडली की तिचा एकही धागा कमी झालेला नसतो, तसे फ्लॅकमध्ये होते. फाइल साधारणपणे वेव्हच्या निम्मी किंवा थोडी मोठी राहते. कॅसेटच्या खरखरीला कसलाच क्रम नसल्यामुळे तिची घडी मात्र नीट बसत नाही. त्यामुळे त्या काळी फ्लॅक निवडले असते तरी माझी डिस्क अपुरीच पडली असती, हे कबूल करायला हवे. चुकलो ते कॅसेटी देऊन टाकण्यात.

गेल्या वर्षी भाच्याने मोठ्या उत्साहाने माझ्या सर्व एमपीथ्री फाइलींचे फ्लॅक करून दिले. फाइली कित्येक पटींनी फुगल्या, ध्वनी मात्र तसाच राहिला, कारण गेलेला अंश फ्लॅक आणणार कुठून? एमपीथ्रीवरून पुन्हा एएसी (एमपीथ्रीसारखाच अंश गाळणारा दुसरा प्रकार) करणे तर त्याहून वाईट, कारण आधीच छाटलेल्यावर दुसरी कात्री चालते. एरवी त्याच बिटरेटला एएसी बहुधा एमपीथ्रीपेक्षा सरस वाजते. तिच्या फाइलीच्या नावाशेवटी येणाऱ्या ‘एमफोरए’ने मात्र फसू नये, कारण त्याच नावाच्या फाइलीत अ‍ॅपलचा काहीही न गाळणारा प्रकारही असू शकतो. माझ्या जुन्या गाडीतील प्लेअरला तर पेनड्राइव्हवरचे फ्लॅक दिसतही नाही, त्यामुळे कसाऱ्याच्या घाटात मी आजही एमपीथ्रीच ऐकतो, आणि इंजिनाच्या आवाजात ती पुरेशी आहे.

दिवाळीत नाशिकरोडला आत्याच्या कपाटात तिच्याच गाण्याची एक कॅसेट निघाली; आमच्याकडे होती ती तिची नक्कल. मी ती वेव्हमध्ये उतरवली, फ्लॅक करून दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून त्या नव्या फाइलवरूनच १२८ किलोबिटची एक प्रत काढली. तंबोरा आणि तबला यांत फरक मला स्पष्ट जाणवला. आत्याने दोन्ही प्रती डोळे मिटून ऐकल्या आणि तिच्या मते दोन्हींत अंतऱ्याला सूर थोडा उतरलेलाच होता.