जबडा-ओठ मोजणी, सोलापूर: ‘बाबा मामाकडं गेलाय’ पर्यंतची प्रगती

तर मंडळी, बोलताना जबडा आणि ओठ कसे हलतात, वाक्यातल्या तोडणीने आणि जोराने त्यात काय फरक पडतो, ते घरीच मोजायचा सेटअप आता बऱ्यापैकी बसलाय. एक काळी टिकली हनुवटीच्या एकदम खाली, हाडावर (जरा वर लावली तर ओठ मिटताना कातडीच सरकते आणि जबडा हलला असं वाटतं), दुसरी दोन भुवयांच्या मधे, आणि वरच्या-खालच्या ओठावर पेनाचा एकेक ठिपका. हनुवटीचं अंतर वरच्या टिकलीपासून मोजायचं, म्हणजे मान हलली तरी फार बिघडत नाही. फोन समोरून स्टँडवर, 240 फ्रेम्स सेकंदाला, म्हणजे एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. व्हिडिओ ट्रॅकरमधे (ठिपका फ्रेमगणिक कुठं गेला ते मोजणारं सॉफ्टवेअर) टाकायचा, आवाज वेगळ्या माइकवर घेऊन प्रातमधे (Praat, आवाजाची लांबी, सूर मोजणारं सॉफ्टवेअर), आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची म्हणजे दोन्ही जुळवता येतात. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. रेकॉर्डिंग मात्र रात्रीच, सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला कारण सांगायला नको, शेजारी माग चालू असले की प्रातमधे सुराची (आवाजाच्या चढ-उताराची) रेघ शोधायची म्हणजे शिक्षाच.

वाक्य निवडायला बराच वेळ घातला पण ते वर्थ होतं. ओठ मिटणारे आवाज हवेत कारण जीभ आपल्याला दिसत नाही (लॅबवाले जिभेवर बारीक सेन्सर चिकटवतात, ते घरी जमणारं काम नाही), आणि स्वर शक्यतो ‘आ’च हवा. ई-ऊ घेतले तर जबडा मुळातच कमी उघडतो, शिवाय त्यांचा सूर ‘आ’पेक्षा आपोआप थोडा वर असतो, मग तुलना कशाची करायची! म्हणून ‘बाबा मामाकडं गेलाय’. बाबा म्हणजे आमच्या गल्लीतला पोरगा, वडील नाहीत, नाहीतर ‘गेलेत’ आलं असतं. आता हेच वाक्य बाबाला हाक मारून, दुसऱ्या कुणाबद्दल सांगितल्यासारखं म्हणा: ‘बाबा, मामाकडं गेलाय’. अक्षरं सगळी तीच, फक्त मधे एक तोडणी.

आणि त्या तोडणीने तोंडाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. ‘बाबा’तल्या दुसऱ्या ‘बा’ला जबडा जवळपास तेवढाच उघडतो पण सावकाश उघडतो आणि मिटायला तर आणखी वेळ घेतो. पुढच्या ‘मा’चे ओठ जास्त वेळ मिटलेले राहतात. तोडणी नसलेल्या वाक्यात तोच ‘म’ पटकन येऊन जातो. फुजरों आणि कीटिंग या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1997 मधे टाळूला जीभ किती टेकते ते मोजून दाखवलं होतं की वाक्याच्या किंवा वाक्यखंडाच्या तोंडाशी आलेला ‘न’ मधल्या ‘न’पेक्षा जास्त टेकतो. माझ्याकडं टाळूचं यंत्र नाही, पण ओठांवर त्याच जातीचं काहीतरी दिसतंय.

मग दुसरा प्रयोग, जोर. बायकोने विचारायचं ‘बाबा कुणाकडं गेलाय?’ आणि मी उत्तर द्यायचं, मग ‘कोण गेलाय मामाकडं?’ आणि परत तेच उत्तर. पहिल्या उत्तरात ‘मामा’चा जबडा सरळसरळ जास्त खाली जातो, आणि जास्त वेगाने जातो. म्हणजे बघा, तोडणी आणि जोर दोन्हींनी अक्षर लांबतं, प्रातमधे नुसती लांबी मोजली तर दोन्ही सारखेच वाटतात, पण जबडा बघितला तर एकात चाल मंदावलीय आणि दुसऱ्यात हालचालच मोठी झालीय. इंग्रजीवर हा फरक एडवर्ड्स, बेकमन आणि फ्लेचर यांनी 1991 मधेच दाखवलाय. नुसता ऑडिओ मोजणाऱ्यांनी (ग्रुपमधे कोण ते सगळ्यांना माहीत आहे 😄) एकदा टिकली लावून बघाच.

मला सगळ्यात पटलेली मांडणी बर्ड आणि साल्ट्झमन यांची, 2003 ची. त्याआधी ब्राउमन आणि गोल्डस्टाईन यांनी 1986 पासून हे मांडलंच होतं की उच्चार म्हणजे ओठ, जीभ, स्वरयंत्र यांच्या एकमेकांवर चढणाऱ्या हालचाली. बर्ड-साल्ट्झमन यांनी त्यात घातलं की तोडणीजवळ जणू ठेका धरणारा तबलजीच लय उतरवतो, मग त्या वेळी जी जी हालचाल चालू असेल ती सगळीच मंदावते, ओठ असो की जीभ. लय नंतर वरून लावत नाहीत, हालचाल किती वेळ चालणार हेच ती ठरवते.

सुराचं काम वेगळं निघालं. मी गृहीत धरलं होतं की जबडा जिथं जास्त उघडतो तिथंच सूर वर असणार. माझ्या रेकॉर्डिंगमधे तरी जोराच्या ‘मामाकडं’वर सूर खालून चढत जातो आणि शिखर शब्दाच्या शेवटाकडं येतं, जबडा मात्र पहिल्या ‘मा’लाच सगळ्यात जास्त उघडून मोकळा. सूर चढवायला स्वरयंत्रातला एक छोटा स्नायू स्वरतंतू ताणतो, जबड्याचं वेळापत्रक त्याला बांधलेलं नाही. आरशात कंठमणी बघत ‘गेलाय?’ आणि ‘गेलाय.’ म्हणून बघा, शेवटी तो कुठं जातो ते दिसतं, बारीक मानेच्या माणसाला जास्त चांगलं दिसतं.

आता आपला ‘बे’, म्हणजे सोलापुरी बोलीतला ‘रे’. वाक्याच्या शेवटी येतो, ओठ मिटतात, यापेक्षा चांगलं सॅम्पल सोलापूरने जगाला काय द्यायचं! ‘कुठं चाललास बे’ प्रेमाने म्हणलं की ‘बे’ लांबतो, भांडणात तुटक येतो पण ओठ घट्ट दाबले जातात. हे अजून नुसतं डोळ्यांना दिसलेलं आहे, मोजणी बाकी आहे.

पुढं शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या अक्कांना बसवायचंय, त्या हो म्हणल्यात. तेलुगूत आखूड-लांब स्वराने अर्थ बदलतो, मग वाक्याच्या शेवटी आखूड स्वर लांबवायला त्यांना किती मोकळीक मिळते ते बघायचंय. त्यासाठी ओठ मिटणाऱ्या शब्दांची एक जोडी लागेल, एक आखूड एक लांब, कुणाकडं असेल तर टाका.