मामाचा ‘उद्या’ आणि माझं इनडायरेक्ट स्पीच

२०२३ च्या तलाठी भरतीला मी बसलो होतो. १०० प्रश्नांत २५ इंग्रजीचे, प्रत्येकी २ गुण. गणित जमायचं, पण डायरेक्ट-इनडायरेक्टचं, म्हणजे अवतरणातलं दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात बदलून सांगायचं वाक्य आलं की मी अडकायचो. क्लासमध्ये ‘एस-ओ-एन’ घोटून घेतलेलं: अवतरणातला फर्स्ट पर्सन (मी) सब्जेक्टप्रमाणे, म्हणजे बोलणाऱ्याप्रमाणे बदलायचा, सेकंड (तू) ऑब्जेक्टप्रमाणे, म्हणजे ऐकणाऱ्याप्रमाणे, थर्डला (तो, ती) हात लावायचा नाही, म्हणून ‘नो चेंज’. नाऊचं देन, हिअरचं देअर, टुडेचं दॅट डे. तक्ता तोंडपाठ होता, तरी वाक्य चुकायचंच.

डोक्यात उजेड पडला तो एका निरोपामुळं. रविवारी रात्री मामाचा आईला फोन आला. सोमवारी सकाळी मी परभणीला अभ्यासिकेत निघालो, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मामा म्हणत व्हता, मी उद्या दुपारच्या गाडीनं येतो, स्टँडवर ये म्हणून.” मी मंगळवार धरला. मामा सोमवारीच उतरला. अभ्यासिकेत माझा फोन बंद. ज्वारीचं पोतं पायाशी ठेवून तो दिवस मावळेपर्यंत माझी वाट बघत बसला. मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री आईचं वाक्य वहीत उतरवलं. ‘उद्या’ मामाचा होता, रविवारचा. आईनं तो जसाच्या तसा मला दिला. मराठीत आपण असंच सांगतो. ‘की’ लावला तरी बोलणाऱ्याचे शब्द सहसा हलत नाहीत. मग “मी येतो” हे आईच्या तोंडून ऐकूनही माझा गोंधळ का झाला नाही? कारण ‘येतो’ पुल्लिंगी. स्वतःबद्दल बोलली असती तर आई ‘येते’ म्हणाली असती. इंग्रजी क्रियापदात ही सोय नाही. तिथं ‘दॅट’नंतर ‘आय’ तसाच ठेवला तर सांगणाराच येणार असा अर्थ होतो. म्हणून मामा सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे. सर्वनाम, काळ आणि दिवस तिन्ही का बदलतात, हे मला त्या रात्री कळलं.

पुढं रोज संध्याकाळी घरात कानावर पडलेली दहा वाक्यं वहीत बदलून लिहायला लागलो. आज्ञा सोप्या गेल्या: टोल्ड आणि टू, नकार असेल तर नॉट टू. सूर्य पूर्वेला उगवतो यासारख्या कायमच्या सत्याचा काळ बदलायची गरज नसते, हेही पटकन बसलं. प्रश्नांनी मात्र महिना खाल्ला. होय-नाहीच्या प्रश्नाला इफ किंवा व्हेदर लागतं हे लक्षात राहायचं, पण शब्दांचा क्रम साध्या विधानासारखा करायला हात तयार नव्हता. मी ‘व्हेअर वॉज आय गोइंग’च लिहायचो, पाहिजे ‘व्हेअर आय वॉज गोइंग’.

वहीतलं पहिलं बरोबर आलेलं प्रश्नाचं वाक्य मामाचंच आहे. घरात पाय टाकताच त्यानं विचारलेलं, “तू स्टँडवर का आला नाहीस?” डिड गेला, हॅड आला, प्रश्नचिन्ह गेलं: मामा आस्क्ड मी व्हाय आय हॅड नॉट कम टू द स्टँड.