बंड्यासोबत राजगड, पालीच्या वाटेने

राजगड म्हटलं की बहुतेक जण गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट धरतात. आम्ही मुद्दाम पालीकडून चढलो. सोबत सासूबाई, नवरा, चौथीतली लेक आणि आमचा गावठी कुत्रा बंड्या. चोर दरवाज्याखाली रेलिंगला धरून कातळ चढावा लागतो. तिथे कुत्र्याने काय धरायचं? पालीची वाट लांबची, पण चांगली मळलेली, आणि वरच्या टप्प्यात रुंद पायऱ्या. गडाचा हा राजमार्गच.

डिसेंबरातली सकाळ, उजाडताच चालायला लागलो. कुत्र्याला घेऊन सह्याद्रीत फिरायचं तर थंडीतच आणि लवकर, हे माझं ठाम मत. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. आणि ऊन चढून कातळ तापला की पंजे पोळतात. सासूबाई जिथे टेकतील तिथे बंड्याला वाटीभर पाणी, असं ठरवून टाकलं. दोघांची चाल छान जुळली.

पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या गडावरच गेल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे. सासूबाईंनी बूट काढले, हात जोडले. “एवढंसं लेकरू मागे ठेवून गेली गं,” एवढंच बोलल्या आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

बालेकिल्ल्याची चढण उभी आहे, बंड्याला नेण्यासारखी नाहीच. पाळीपाळीने गेलो, एक जण खाली त्याच्यापाशी. त्याचा पट्टा गडावर कुठेच सोडला नाही. वानरं दिसली की तो कड्याचाही विचार करणार नाही.

खरा दिवस घालवला तो संजीवनी माचीवर. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची, तीन टप्प्यांत उतरत गेलेली ही माची मला अख्ख्या गडात सर्वांत जास्त आवडते. एकाला एक लागून दोन तट, मधून एका माणसापुरती बोळकांडी. बुरुजांनाही बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं चिलखत. बाहेरचा ढासळला तरी आतला लढायला उभा. त्या अरुंद जिन्यांतून खाली उतरायचं म्हणजे आपल्याला भिंतीला हात लावत जावं लागतं. बंड्या मात्र नाक दगडाला टेकवून सरळ अंधारात शिरला आणि पलीकडच्या उजेडात जाऊन आमची वाट बघत उभा राहिला. मग लेकही न घाबरता त्याच्या मागे गेली. समोर पश्चिमेला तोरणा. तोरण्याहून डोंगरधारेने येणारे भटके अळू दरवाज्यातून आत येतात. तसा एक घोळका आला आणि प्रत्येकाने आधी बंड्याचं डोकं खाजवलं.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, पण राजगड महाराजांनी हातचा सोडला नाही. ही माची पायाखालून गेली की त्याचं कारण लेकीला वेगळं सांगावं लागत नाही.

ऊन कलल्यावर आल्या वाटेने उतरलो. पालीत पिठलं-भाकरी झाली, बंड्यालाही कोरी भाकरी मिळाली. मग त्याचे पंजे तपासायला बसलो. या दिवसांत गवत वाळून कुसळं झालेली असतात, ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात घुसतात. पंजातली चिमट्याने काढता येतात. कानात शिरलं असेल तर मात्र स्वतः खटपट न करता थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. बंड्याचे कान साफ होते. मागच्या उजव्या पंजातून पाच-सहा कुसळं निघाली, तेवढा वेळ सासूबाईंनी त्याचं तोंड मांडीवर धरून ठेवलं होतं.