वीजबिलाच्या पाठीमागचा हिशोब

"पुण्याला रूम, मेस, फी, परत येणं-जाणं..." शेजारचे भाऊ काल संध्याकाळी वीजबिलाच्या पाठीमागे एकेक आकडा लिहीत होते, आणि पोरगी शांतपणे बघत होती. बारावी झालीय, इकॉनॉमिक्सच करायचंय तिला.

मग ती म्हणाली, "बाबा, बीए इथंच करते. खर्च करायचाच तर एमएला करूया."

भाऊ गप्प. मी पण.

मला वाटलेलं पोर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसाठी हट्ट धरणार, तिथं इकॉनॉमिक्सच शिकवतात. 1930 पासूनची संस्था, नाव आहे, धरला असता तर चूक नव्हतं. पण हिचा विचार पुढचा होता. आपल्या गोव्यातलं खांडोळ्याचं सरकारी कॉलेज घरापासून बसने जाण्यासारखं, रूमचे पैसे वाचले, आणि एमएला बाहेरच्या मोठ्या केंद्रीय युनिव्हर्सिटीत जायचं तर बहुतेक ठिकाणी सीयूईटी पीजी ही देशभरातली प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिथं गणित आणि स्टॅटिस्टिक्स विचारतात, बीए कुठून केलं ते कोण विचारत नाही.

तिचा एकच प्रश्न होता, मायनरला, म्हणजे इकॉनॉमिक्ससोबतचा दुसरा विषय म्हणून, गणित मिळेल काय? तो मात्र प्रॉस्पेक्टस बघून सुटत नाही, ऑफिसात जाऊन विचारावं लागतं, टाइमटेबल जुळतं का तेही.

आपल्याकडे आईबाप कॉलेजची बिल्डिंग बघतात, नायतर कोणाचा मुलगा कुठे गेला ते. पेपरात गणित किती, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी, हे कोण बघतो?

गोव्यात बीए इकॉनॉमिक्स केलेले कोण असाल तर सांगा, गणित मायनर घेऊन कोणाला जमलं? पोरगी सोमवारी चौकशीला जातेय.