आप्पांनी माझं कौन्सिल टॅक्सचं बिल वाचलं

संक्रांतीला इंग्लंडहून सोलापूरला घरी आलोय. चार वर्षांनी गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, बघायची म्हणून बरोबर जानेवारीत रजा टाकली, मॅनेजरनं विचारलं ख्रिसमसला नको आणि आता कशाला, त्याला नंदीध्वज आणि बाराबंदी कुठून समजावणार, म्हणलं फॅमिली फंक्शन आहे. तर तो विषय नंतर कधीतरी. आज लिहायचंय ते आप्पांमुळं.

आप्पा वीज मंडळातनं रिटायर झालेत, त्यामुळं बिल म्हणलं की त्यांच्या अंगात येतं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, सगळं बोट ठेवून ओळीनं वाचणार आणि मगच पैसे भरणार. परवा नातीचे फोटो बघायला माझा फोन घेतला आणि फोटोंच्या मधे माझ्या कौन्सिल टॅक्सच्या बिलाचा फोटो निघाला. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टी समजा. झालं, नात राहिली बाजूला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला सुरुवात.

"हे काय रे, पोलीस अँड क्राईम कमिशनर? पोलिसाचं काय काम घरपट्टीत?"

म्हणलं आप्पा, तिथं पोलिसांच्या खर्चाचा एक भाग स्थानिक लोकांकडनं घेतात, बिलात त्याची वेगळी ओळ असते. माझ्या घराला वर्षाला २२५ पौंडांच्या पुढं जातंय ते. आप्पांनी मनात गुणाकार केला, पंचवीस हजारांच्या पुढं, आणि थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांचा प्रश्न, जो मी इतकी वर्षं तिथं राहून स्वतःला कधी विचारला नव्हता:

"मग पैसे तू देतोस तर त्यानं कुठं लक्ष घालायचं हे कोण ठरवतंय? तुला इचारतेत का?"

विचारतात म्हणलं तर विचारतात, नाही म्हणलं तर नाही.

आधी थोडक्यात रचना सांगतो, कंटाळू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४३ पोलीस दलं आहेत, प्रत्येकाचा आपापला इलाका, आपल्याकडं सोलापूर शहर वेगळं आणि ग्रामीण वेगळं तसं काहीतरी पण बरंच मोठं. दलाचा मुख्य अधिकारी म्हणजे चीफ कॉन्स्टेबल. नाव ऐकून हसू नका, कॉन्स्टेबल म्हणतात पण तो आपल्या सीपी साहेबांसारखाच, म्हणजे शहराच्या पोलीस आयुक्तांसारखा. पूर्वी या दलावर पोलीस अथॉरिटी नावाची कमिटी असायची, साधारण १७ जणांची, ९ नगरसेवक आणि ८ बाहेरची माणसं, आणि गल्लीतल्या कुणाला तिचं नाव सुद्धा माहीत नसायचं. २०११ साली कायदा झाला आणि लंडन सोडलं तर त्या कमिटीच्या जागी एकच माणूस आणला, तोही लोकांनी मत देऊन निवडलेला. तो हा पोलीस अँड क्राईम कमिशनर. तो स्वतः पोलीस नसतो, युनिफॉर्म नाही, काठी नाही. पण चीफ कॉन्स्टेबलला नेमायचं आणि वेळ आली तर घालवायचं त्याच्या हातात, बजेट त्याच्या हातात, आणि आपल्या भागात आधी कशाला हात घालायचा, घरफोड्या का ड्रग्ज का बायकांवरचे अत्याचार का रस्त्यावरचे अपघात, याचा प्लॅन त्यानं लिहायचा. फक्त अमक्याला धर, तमक्याला सोड असं तो सांगू शकत नाही, ते काम पोलिसांचंच. ही रेघ तिथं फार जपतात.

मग त्या कमिशनरवर कोण? तर त्याच्यावर एक पॅनेल. कमीत कमी १० नगरसेवक आणि २ बाहेरचे. घरपट्टीतला पोलिसांचा वाटा त्यानं फार वाढवला असं वाटलं तर दोन तृतीयांश मतांनी पॅनेल तो अडवू शकतं. शिवाय लंडनमधनं सरकारची पण मर्यादा असतेच, २०२५-२६ ला मधल्या बँडच्या, म्हणजे मधल्या किमतीच्या गटातल्या घरामागं १४ पौंडांपेक्षा जास्त वाढवायचं असेल तर थेट सार्वमत घ्या असा नियम होता.

आप्पा म्हणले, "हे सगळं कागदावर. तू गेलतास का कधी तिथं?"

गेलोय. म्हणजे त्या मोठ्या पॅनेलला नाही, ते मी एकदा ऑनलाइन बघितलं आणि अर्ध्यात झोपलो, खरं सांगतो. पण आमच्या एरियाच्या छोट्या मीटिंगला गेलोय. मी राहतो ते मिडलँड्समधलं मध्यम शहर, नाव राहू दे. झालं असं की दिवाळीच्या सुमाराला आमच्या मागच्या रस्त्यावरच्या गुजराती काकूंकडं चोरी झाली, टीव्ही लॅपटॉप जाग्यावर, फक्त सोनं गेलं. चोरांना चांगलं माहीत असतं तिथं की आपली माणसं घरात सोनं ठेवतात आणि दिवाळीला, लग्नसराईला ते बँकेतनं बाहेर निघतं. काकू हबकल्या, आम्ही सगळे हबकलो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस नुसता धुरळा. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, नंबर दिला, आणि थोड्या दिवसांनी पुरावा नाही म्हणून तपास थांबवल्याचा मेल आला. अतिशय सभ्य भाषेतला मेल.

तेव्हा कुणीतरी सांगितलं की पोलिसांच्या सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाक, तुझ्या एरियाची टीम, रस्त्यानिहाय गुन्ह्यांचा नकाशा आणि पुढची मीटिंग कधी हे सगळं दिसतं. मला वाटलं काहीतरी भव्य असेल. गेलो तर लायब्ररीच्या मागची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका ताटलीत बिस्किटं, आणि मला धरून ११ माणसं. पोलिसांकडनं एक सार्जंट आणि एक पीसीएसओ, म्हणजे अटकेचा अधिकार नसलेली पण एरियात पायी फिरणारी पोलिसांची माणसं असतात त्यातली एक बाई. ती आधी वाचून दाखवते, मागच्या वेळी तुम्ही ह्या तीन गोष्टी सांगितल्यात, त्यावर आम्ही हे हे केलं. आणि मग पुढच्या तीन महिन्यांसाठी तीन गोष्टी निवडायच्या, हात वर करून.

माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले, वय ऐंशीच्या घरात, मांडीवर वही. त्या वहीत त्यांनी शाळेच्या रस्त्यावरनं जोरात जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिलेले, तारीख, वेळ, गाडीचा रंग, सगळं पट्टीनं ओळी मारून. वीज मंडळातला माणूस वाटला मला. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली आणि सार्जंट, रँकनं केवढातरी वरचा माणूस, मान खाली घालून लिहून घेत होता. मला हे बघून कसंतरीच झालं. आपल्याकडं मी ठाण्यात एकदाच गेलोय, कॉलेजला असताना गाडी चोरीला गेली तेव्हा, आणि तेव्हा मामांच्या ओळखीचे हवालदार मिळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर दोन तास बसून होतो. कुठलं ठाणं ते सोडा.

तर मतदान झालं. पहिला नंबर शाळेच्या रस्त्यावरचा स्पीड, दुसरा पार्कात मोटरसायकल फिरवणारी पोरं, तिसरा कचरा टाकणारे. सोनं चौथं. चौथं म्हणजे यादीत नाहीच. का, तर ११ पैकी ७ जण त्या शाळेच्या रस्त्यावरचेच राहणारे! म्हणजे पोलिसांनी काय करायचं हे लोक ठरवतात हे खरं, पण लोक म्हणजे कोण, तर थंडीत संध्याकाळी सात वाजता उठून जे येतात ते. आपले लोक ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडतील पण मीटिंगला येणार नाहीत, कारण आपल्या डोक्यातच नाही ते, पोलिसांकडं आपण होऊन कशाला जायचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ऐकत मोठे झालोय, ठाण्याचं तर बोलायलाच नको.

पुढच्या मीटिंगला मी काकू, त्यांचे मिस्टर, दोन तेलुगू फॅमिली आणि आमच्या मंडळातले नाशिकचे एक जोशी कपल, असे सगळे गोळा करून नेले. सोनं दुसऱ्या नंबरावर आलं. मग काय झालं? पीसीएसओ बाई दारोदार फिरल्या, दागिन्यांवर अदृश्य खूण करायचे पेन वाटले, मंदिरात येऊन बोलल्या, संध्याकाळी गस्त वाढली. काकूंचं सोनं? ते गेलं ते गेलं. चोर सापडला नाही. हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल परदेशात गेला आणि सगळं सोन्याचं दिसायला लागलं.

आणि वरचं ते निवडून दिलेल्या कमिशनरचं प्रकरण तर सोडाच. पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ ला झाली, नोव्हेंबरच्या काळोखात, मतदान १५ टक्क्यांच्या आसपास. वेल्समध्ये न्यूपोर्टला तर एका केंद्रावर दिवसभरात एक सुद्धा माणूस फिरकला नाही, शून्य मतं! कट्ट्यावर हे सांगितलं तर सगळे खूष. सात रस्त्याजवळ आमचा जुना कट्टा, तिथं चहाला सगळे जमलेलो. एकजण म्हणला, "आपल्याकडं असलं इलेक्शन घेतलं तर ऐंशी टक्के होईल बे, पण निवडून कोण येईल ते सांग." त्यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकेक चेहरा आला असणार.

मी अजून एक किस्सा दिला. शेजारच्या लेस्टरशायरचे कमिशनर रुपर्ट मॅथ्यूज २०२४ ला कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडनं निवडून आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रिफॉर्म पक्षात गेले, खुर्ची तीच. कट्ट्यावर एकच आवाज, "म्हणजे आपल्यासारखंच हाय की!" मला पुढचं बोलूच देईनात.

पण त्यातला खरा अडचणीचा मुद्दा वेगळा आहे. निवडून दिलेल्या माणसाला मधेच काढायची सोय लोकांना किंवा पॅनेलला ठेवलेलीच नाही. साउथ यॉर्कशायरमध्ये शॉन राइट म्हणून कमिशनर होते, ते आधी रॉदरहॅमच्या कौन्सिलमध्ये मुलांच्या विभागाचे प्रमुख नगरसेवक. तिथल्या लहान मुलींच्या शोषणाचा अहवाल ऑगस्ट २०१४ ला आला, देश हादरला, पंतप्रधानांपासून स्वतःच्या पक्षापर्यंत सगळे म्हणतायत राजीनामा द्या, आणि हे बसून. कायद्यानं कुणी हात लावू शकत नव्हतं. शेवटी सप्टेंबरात स्वतः गेले. उलट नॉर्थ यॉर्कशायरला २०२१ मध्ये तिथले कमिशनर फिलिप ऑलॉट हे सारा एव्हरार्डच्या, म्हणजे लंडनमध्ये एका पोलिसानंच खोटी अटक करून पळवलेल्या तरुणीच्या, खुनानंतर बायकांनीच अटकेचे नियम माहीत करून घ्यावेत अशा अर्थाचं बोलले, पॅनेलनं एकमतानं अविश्वास दाखवला, त्या ठरावाला कायद्याची ताकद शून्य, तरी त्याच दिवशी त्यांना जावं लागलं. म्हणजे एकाच कायद्याखाली एक आठवडेच्या आठवडे बसून राहतो आणि दुसऱ्याला एका मीटिंगनंतर जावं लागतं.

आता तर ही पदंच जाणार आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की मे २०२८ ला मुदत संपली की कमिशनर बंद, काम महापौरांकडं, जिथं महापौर नाही तिथं कौन्सिलच्या लोकांच्या बोर्डाकडं. म्हणजे फिरून कमिटीच! मला स्वतःला त्याचं फार वाईट वाटत नाहीय. ते पद गेलं तरी लायब्ररीमागची ती खोली राहिली पाहिजे, माझं मत विचाराल तर खरा माल तिथं आहे. आणि एक गोष्ट अजून, कोठडीत अचानक जाऊन बघणारे साधे नागरिक. १९८१ च्या लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर लॉर्ड स्कार्मन या न्यायाधीशांनी सुचवलेलं, आता कायद्यात आहे. दोघं दोघं जातात, कधीही, न सांगता, आरोपीला विचारतात जेवण मिळालं का, वकील मिळाला का. आमच्या ऑफिसची रिसेप्शनिस्ट हे करते. मी तिला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थापा मारतीय वाटलं.

आपल्याकडं काही नाही असं नाही. गणपती, ईद, गड्डा आला की शांतता समितीची बैठक होते, पण तिथं विषय एकच, बंदोबस्त आणि मिरवणुकीचा मार्ग. गाड्या आणि सीसीटीव्हीला पैसे जिल्हा नियोजन समितीतनं पण येतात, ते पालकमंत्र्यांच्या बैठकीत ठरतं. सुप्रीम कोर्टानं २००६ ला प्रकाश सिंह केसमध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं करा म्हणून सांगितलं, राज्याचं प्राधिकरण मुंबईत आहे, तिथं जायचं तर सोलापूरच्या माणसानं सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची. आणि चांगलं काम होतच नाही असं पण नाही. २०२१ ला तेजस्वी सातपुते एसपी असताना ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसत्या हातभट्ट्या फोडण्यापेक्षा अधिकाऱ्यांनी गावं वाटून घेतली, लोकांना दुसरा धंदा, नोकरी मिळवून द्यायला बसले. तिकडं ज्याला क्राईम रिडक्शन म्हणून जाडजूड प्लॅन लिहितात ते हेच. फक्त ते एका चांगल्या अधिकाऱ्याच्या डोक्यातनं आलं, आणि अधिकाऱ्याची बदली होते.

१२ जानेवारीला चार हुतात्मा चौकातनं आलो. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यांना हार. १९३० च्या कायदेभंगाच्या दिवसांत मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस गेले, त्या खटल्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. ती पोलीस साहेबाची, आणि साहेबाच्या पोलिसांना कुठं लक्ष घालावं हे सोलापूरकरानं सांगायचा प्रश्नच नव्हता. आता मी साहेबाच्या गावात हात वर करून सांगतो. आप्पांना म्हणलं हे, ते नुसतं हं म्हणले.

काल सकाळी बघतो तर आप्पा डायरीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत बसलेले. आमच्या गल्लीसाठी तीन गोष्टी. एक, रात्री अकरानंतर डॉल्बी बंद. दोन, शाळेच्या कोपऱ्यावरची पानटपरी, मावा विकतोय पोरांना. तीन, बोळातल्या खांबावरचा दिवा, तिथंच गेल्या महिन्यात एका बाईचं गंठण ओढलं. दिव्यापुढं कंसात "महापालिका" असं पण लिहिलेलं, खातं चुकायला नको म्हणून.

"हे कुणाला द्यायचं?" मला विचारलं.

मी म्हणलं, ठाण्यात द्या की.

"ठाण्यात दिला तर अर्ज होतोय त्याचा. मी तक्रार करत नाही, मी सांगतोय."

मला काही सुचेना. आप्पांनी कागद फाडला, नीट घडी घातली आणि लाइट बिलाच्या चिमट्याला लावून ठेवला.