बापाचं वय कोणी मोजत नाही

आज सीताबर्डीला ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या थेरपी सेंटरबाहेर एक आजी सुनेला ऐकवत होत्या, "छत्तिसाव्या वर्षी पोर झालं, मंग असंच होनार ना वं!" चाळिशी ओलांडलेला मुलगा शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून. काहून गप होता बाप्पा?

२०१५ साली पाच देशांतल्या ५७ लाख मुलांचा अभ्यास आला. विशीतल्या पालकांच्या तुलनेत चाळिशीतल्या आयांच्या मुलांत ऑटिझम १५ टक्के जास्त, चाळिशीतल्या बापांच्या मुलांत २८, पन्नाशीपुढच्यांच्या ६६. वयाबरोबर शुक्राणूंत नवे जनुकीय बदल वाढतात, हे एक कारण मानतात. (तरी उशिरा झालेल्या बहुतेक मुलांना ऑटिझम नसतोच, हेही आहे.)

न राहवून बोललेच. आजी म्हणाल्या, "म्हंजे आमच्या पोराचंबी वय धरा लागते?"

लागते ना, आजी.