परतीच्या पाण्याची सपाट रेघ

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात यंत्रांकडून येणारे आकडे गोळा करून साठवण्याचे काम मी करतो. गेल्या पावसाळ्यात एका सपाट रेघेने मला माझीच चूक दाखवली, तिच्याविषयी हे टिपण.

शुद्ध पाण्यात जिवाणू वाढू नयेत म्हणून आमच्याकडे ते सुमारे ८० अंश सेल्सिअसला अखंड फिरते ठेवतात. फेरी पूर्ण करून टाकीकडे परतणाऱ्या पाण्याचे तापमान दर सेकंदाला पीएलसीत, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकात, वाचले जाते आणि ओपीसी या यंत्रांच्या सामायिक भाषेत बोलणाऱ्या सर्व्हरमार्फत हिस्टोरियनमध्ये, म्हणजे कालक्रमाने मोजमापे साठवणाऱ्या प्रणालीत, जमा होते. सहा महिन्यांचा आलेख जवळजवळ सरळ रेघ निघाला, तेव्हा मी समाधानाने अहवाल पाठवला. युटिलिटी विभागातले डिचोलीचे ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, ते मात्र हाताने लिहिलेली नोंदवही घेऊन आले. "साहेब, दुपारी तीनला परतीचे पाणी रोज थंड होते, तुमच्या संगणकाला ते दिसत नाही काय?" वहीत त्या वेळेच्या नोंदी ७८.८, ७८.९ अशा होत्या. त्या सुमारास एका विभागात पाणी घेतले जाते, हे भाईंना ठाऊक होते.

संगणकाला ते दिसत होते, पण तो ते टाकून देत होता. हिस्टोरियन प्रत्येक वाचन ठेवत नाही. शेवटच्या साठवलेल्या बिंदूपासून एक रेघ पुढे नेता येते आणि मधली सगळी वाचने तिच्या ठरावीक अंतरात राहतात, तोवर मधले बिंदू गाळले जातात. वाचन त्या पट्ट्याबाहेर गेले की नवा बिंदू साठवला जातो. या पद्धतीला स्विंगिंग डोअर म्हणतात. पट्ट्याची रुंदी मी सर्व टॅगना, म्हणजे हिस्टोरियनमध्ये नाव देऊन नोंदवलेल्या प्रत्येक मोजमापाला, सरसकट मोजमाप-कक्षेच्या १ टक्का अशी दिली होती. सेन्सरची कक्षा ० ते १५० अंश असल्यामुळे ती दोन्ही बाजूंना दीड अंश झाली, आणि सव्वा अंशाची रोजची घसरण तिच्यात निमूटपणे बुडाली. पुढे हे पाणी वाफेने तापवणाऱ्या उष्णता विनिमयकाची वाफेची बाजू कमजोर होऊ लागली, तेव्हा घसरण कधीपासून वाढत गेली हे ठरवण्यासाठी आमच्याकडे भाईंची वही तेवढी होती.

इतकी काटकसर कशासाठी, हा प्रश्न मी तेव्हा प्रथमच गांभीर्याने विचारला. समजा १,२०० टॅग दर सेकंदाला वाचले, तर दिवसाला १० कोटी ३६ लाख ८० हजार वाचने होतात. वेळेला ८ आणि मूल्याला ८ बाइट धरले तर रोज सुमारे १.६६ जीबी, वर्षाला ६०० जीबी. हिस्टोरियनची कल्पना रुजली त्या १९८० च्या दशकात एवढी डिस्क हे स्वप्नच होते. आज तो अडथळा नाही, शिवाय काहीही न गाळता आकुंचन करण्याच्या पद्धतीही आल्या आहेत. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ साली मांडलेल्या गोरिला पद्धतीत सलग वेळांच्या अंतरांमधला फरक आणि लागोपाठच्या मूल्यांचे वेगळे बिट एवढेच ठेवले जातात, आणि त्यांच्या विदेवर १६ बाइटचे वाचन सरासरी १.३७ बाइटवर आले. त्यांची विदा सर्व्हरच्या देखरेखीची होती. आमच्या थरथरणाऱ्या दाबमापकांच्या आकड्यांवर इतकी बचत होणार नाही, पण निम्मी झाली तरी माझे भागते.

तरीही सगळे साठवले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. उद्योगात सेन्सरचा संकेत ४ ते २० मिलिअँपिअर ठेवतात, तो याच कारणाने: शून्य मूल्यालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे तुटलेली तार आणि खरे शून्य वेगळे ओळखता येतात. ओपीसी हा भेद प्रत्येक मूल्यासोबतच्या दर्जाच्या खुणेत पुढे पोहोचवते. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र 'खराब' दर्जाच्या जागी ० लिहिले जात होते, आणि त्या शून्यांनी महिन्याच्या सरासऱ्या खाली ओढल्या होत्या.

वेळेचा घोळ त्याहून अवघड. पावसाळ्यात वीज गेली की सर्व्हरशी संपर्क तुटतो. यूपीएसवर चालणारा संकलक संगणक मधली वाचने स्वतःकडे साठवून नंतर पाठवतो, त्यामुळे तेवढी पोकळी भरून निघते. पण एका पॅनेल संगणकाची घड्याळाची बॅटरी संपली होती, आणि वीज परतल्यावर तो चुकीच्या वेळेचे शिक्के मारू लागला. अहवालात झडप उघडण्याच्या आज्ञेआधीच उघडलेली दिसली. औषध उद्योगात अशा नोंदीचा खुलासा लेखी द्यावा लागतो, आणि तो लिहिताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आता सगळी घड्याळे एकाच एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाशी, जुळवली आहेत, साठवण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होते आणि भारतीय वेळेचे साडेपाच तास फक्त पडद्यावर मिळवले जातात.

परतीच्या पाण्याच्या टॅगची मर्यादा भाईंशी बोलून ०.२ अंशावर आणली. तीनची घसरण आता आलेखात स्पष्ट दिसते. उरलेल्या टॅगची यादी आम्ही दोघे विभागवार तपासत आहोत, आणि चवथीच्या सुट्टीत कारखाना बंद असेल तेव्हा बाष्पकाच्या टॅगना हात घालायचा बेत आहे. वही अजून चालू आहे.